फाटकावरची झडती

आमच्या गल्लीतल्या हॉटेलात रोज संध्याकाळी साडेपाचला भोंगा वाजतो. जुन्या जिनिंग फॅक्टरीचाच भोंगा आहे तो, दुरुस्त करून पुन्हा बसवलेला. पूर्वी तो वाजला की पाळी बदलायची. आता तो वाजला की पाहुण्यांचा चहा लागतो. चहा पितळेच्या किटलीतून मातीच्या कपात ओततात आणि सोबत सुपारीएवढे साबुदाणा वडे देतात. मी एकदा खाल्लाय तो वडा. चांगला होता, आणि त्याचाच मला राग आला.

हॉटेलचं नाव मी लिहिणार नाही. त्यांची जाहिरात करायला त्यांच्याकडे माणसं आहेत, आणि तिथं नोकरीला माझा सख्खा भाऊही आहे. जिनाच्या, म्हणजे त्या जुन्या फॅक्टरीच्या, आवारातच ते उभं केलंय. जिथं कापसातून सरकी काढणारे रेचे चालायचे तिथं जेवणाचा हॉल आहे आणि जिथं रुईच्या गाठी बांधायच्या तिथं खोल्या. खोल्यांत खादीच्या चादरी, कंदिलात बल्ब, आणि उशाशी एक लहानसा चरखा, जो फिरत नाही. साधेपणा विकायला आमच्या वर्ध्यासारखं दुसरं गाव सापडायचं नाही. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे मेनूत नुसती सरबतं आहेत. बाकीचं लोक गाडीच्या डिक्कीत आणतात.

हॉटेल आलं आणि गल्लीला चांगले दिवस आले. मी लहान असताना इथं यायला रिक्षावाले कुरकुर करायचे. आता कोपऱ्यावर कॉफीचं दुकान आहे, त्याच्या बाजूला कुर्त्यांचं, आणि विहाराच्या मागच्या भिंतीवर कापसाची बोंडं रंगवलीत. फाटकासमोरच्या घरांना हॉटेलनं स्वतः रंग लावून दिला. आमचं घर निळं होतं. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी बाबा स्वतः त्याला निळा हात द्यायचे. आता ते मातकट आहे, पाहुण्यांच्या गॅलरीतून बरं दिसावं म्हणून. भावानं होकार दिला. मला कोणी विचारलं नाही, कारण लग्न होऊन नालवाडीला गेलेल्या मुलीला माहेरच्या भिंतीचा रंग विचारायची पद्धत नाही.

मी पवनारच्या बाजूला शाळेत शिकवते. शाळा सुटली की घरी जायच्या आधी स्कूटर माहेराकडे वळवते, बाबांना बघायला.

बाबा त्या जिनाचे चौकीदार होते. फाटकावर उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घेणं, हे त्यांचं काम. जिनात सगळीकडे रुईचा भुगा उडत असतो, हवेत, कपड्यांवर, केसांत. एक काडी पेटली की संपलं. म्हणून माचिस, बिडी, लायटर, सगळं फाटकावर काढून ठेवायचं आणि जाताना घेऊन जायचं. बाबा कोणाला सोडत नसत. शेठच्या जावयाचे खिसे त्यांनी उलटे केले होते, त्याच्या बायकोदेखत. आमच्या मामाच्या टोपीत एकदा अर्धी बिडी सापडली, तर मामाला त्यांनी आठवडाभर आत घेतलं नाही, आणि मायनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

हे वेड त्यांना असंच लागलं नव्हतं. आधी ते आत, कापसाच्या ढिगावर कामाला होते. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, तिथंच सरकी निवडायला बसायची. एका हंगामात कोणाच्या तरी बिडीनं ढीग पेटला. बाया आत अडकल्या. बाकीच्या निघाल्या, आत्या निघाली नाही. बाबांनी शेठकडे जाऊन फाटकावरचं काम मागून घेतलं आणि जिन बंद पडेपर्यंत ते सोडलं नाही. आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नसे. मला हे मायनं सांगितलं, तेही मी नोकरीला लागल्यावर.

जिन बंद पडलं तेव्हा बाबा म्हातारे झाले होते. मग हळूहळू त्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत गेलं. आधी माझ्या मुलांची नावं गेली, मग माझं. जेवल्याचं विसरायचे आणि मायशी भांडायचे. रात्र रात्र जागे. भावाला ते कधी मुकादम समजायचे, कधी कोणी परका.

अशा माणसाच्या दारासमोर एका संध्याकाळी तो भोंगा वाजला.

माय सांगते, बाबा खाटेवरून उठले, सदरा चढवला, गुंड्या नीट लावल्या आणि सरळ फाटकावर जाऊन उभे राहिले. पुण्याची की मुंबईची एक गाडी आत शिरत होती. बाबांनी हात आडवा केला, गाडीतल्या माणसाला खाली उतरवलं आणि म्हणाले, खिसे दाखवा. त्या माणसाला वाटलं, हॉटेलची काही गंमत आहे. त्यानं हसत लायटर काढून दिलं. बाबांनी ते फाटकाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि त्याला आत सोडलं. त्याच्या बायकोनं फोटो काढला.

पाहुण्यांना आवडलं म्हटल्यावर हॉटेलला आवडलं. मॅनेजर बाई तरुण होती, पुण्याकडची, फार गोड बोलणारी. तिनं बाबांसाठी खाकी गणवेश शिवून आणला. पितळेची बटणं, रुंद पट्टा, हातात काठी. लायटर ठेवायला पितळेचं ताट. भोंगा वाजला की बाबा जात, चहाच्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांच्या झडत्या घेत, आणि अंधार पडला की भाऊ त्यांना घरी आणून सोडी. भाऊ तिथं हॉलच्या व्यवस्थेला होता. बरीच वर्षं घरी बसून काढल्यावर मिळालेली नोकरी होती ती. हॉटेलच्या जाहिरातीत बाबांचा फोटो आला, खाली ओळ होती की येथे काळ थांबला आहे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेड लागलेल्या माणसाला गणवेश घालून दारात उभं करायचं आणि मजा बघायची, याला मी दुसरं काही म्हणू शकत नव्हते. मी मायवर ओरडले, भावावर ओरडले. माय शांतपणे भाजी निवडत राहिली. मग म्हणाली की ते आता पोटभर जेवतात, रात्रभर झोपतात आणि सकाळी तिला नावानं हाक मारतात. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जे चाललंय ते मोडू नका. आणि खरं तर मलाही दिसत होतं. फाटकावर उभे असलेले बाबा माझे जुने बाबा होते. ताठ मान, खेकसणं, कोणाला न सोडणं. एकदा मीच स्कूटर घेऊन आत निघाले, तर त्यांनी माझी पर्स उघडायला लावली. मला ओळखलं नाही, पण पर्स अगदी तळापर्यंत पाहिली.

मग थंडीत तिथं एक लग्न झालं.

मोठं लग्न. अंगणात फोटो काढायला कापसाचा ढीग केला होता, माणसापेक्षा उंच. कापूस कसला, उशांत भरतात तो नकली माल होता तो, वर दिवे सोडलेले. नवरीचा मामा ठेकेदार होता, राजकारणातला, मागेपुढे चार माणसं. तो दुसऱ्या दारानं आत आला होता, म्हणजे बाबांच्या झडतीतून गेला नव्हता. हातात स्टीलचा पेला. पेल्यात काय होतं ते सांगायला नको. त्या ढिगाला टेकून त्यानं सिगारेट पेटवली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, फोनवर पाहिलं. सगळ्या वर्ध्यानं पाहिलं. फाटक सोडून बाबा धावत येतात. त्या वयात ते धावू शकतात हेच मला माहीत नव्हतं. सिगारेट हिसकावून घेतात, मामाच्या थोबाडीत मारतात, आणि बाजूला गुलाबाच्या पाकळ्या टाकून ठेवलेलं पितळेचं पाण्याचं घंगाळ उचलून त्याच्या अंगावर ओततात. मग ढिगाकडे तोंड करून ओरडतात, "बाया बाहेर काढा. अबे, बाया आत हायेत." पाहुणे टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं, कार्यक्रम आहे. मामाच्या ओठाला एक पाकळी चिकटलेली आहे आणि कोणीतरी खदखदून हसतंय.

मग मामानं मारायला सुरुवात केली. बाबा खाली पडले तरी तो मारत होता. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

त्याच्यानंतरचा तुकडा बहुतेकांनी पाहिला नाही, कारण तो तितका मजेशीर नाही. मॅनेजर बाई येते, मामाशी हात जोडून बोलते. मग माझा भाऊ पुढे येतो. काळं जाकीट, छातीवर नावाची पट्टी. तो बाबांना उठवतो. वाटतं, घरी नेतोय. तो त्यांच्या मानेमागे हात ठेवतो आणि त्यांचं डोकं त्या माणसाच्या बुटांपर्यंत खाली दाबतो. बाबा मधल्यामधे मान वळवून त्या ढिगाकडेच बघत असतात.

मी त्या रात्री भावाला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "ताई, तू सरकारी नोकरीवाली आहे. तुले राग परवडते. मले नाई परवडत." मी फोन ठेवला. त्याचं खरं होतं म्हणून मला तो आणखीच वाईट वाटला.

हॉटेलनं बाबांना पुन्हा न पाठवण्याचा निरोप दिला, फळांच्या टोपलीसोबत. गणवेशही परत मागवला. भाऊ तो धुऊन, इस्त्री करून घेऊन गेला.

पण भोंगा होताच. तो वाजला की बाबा उठत. माय दार लावून घ्यायची. ते दारावर थापा मारत, मग मुठी, मग डोकं. म्हणत की पाळी आत चालली, बिना झडतीची चालली. माय दाराला पाठ लावून बसून राही. एका संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा त्यांच्या हाताची सालटं निघाली होती आणि मायच्या गालावर वळ होता. मायनं पदर ओढून घेतला आणि मला पोळी टाकायला सांगितलं.

मी मॅनेजरकडे गेले. भोंगा थोडे दिवस बंद ठेवा, इतकंच मागायला. तिनं मला बसवलं, पाणी दिलं, काकांच्या तब्येतीची चौकशी केली. सगळं ऐकून घेताना तिचे डोळे खरंच भरून आले होते, आणि तरीही तिनं नाही म्हटलं. "ताई, भोंगा ही आमची ओळख आहे. लोक त्यासाठी येतात," ती म्हणाली. "पण काकांसाठी आम्ही काहीतरी कायमचं करतोय. तुम्हाला अभिमान वाटेल."

कायमचं म्हणजे पुतळा. फायबरचा, माणसाच्या उंचीचा. बाबांच्या फोटोवरून केलेला, त्यांच्या मिशा, त्यांचा वाकडा कान, अंगावर त्यांचाच गणवेश. एक हात आडवा, दुसऱ्या हातात पितळेचं ताट. फाटकाच्या कट्ट्याशी तो उभा केला आणि त्याच्या गळ्यात हार घातला. गळ्यात हार घातलेला माणूस म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बाबा समोरच्या घरात जिवंत होते, दार लावलेल्या.

मी म्हटलं, मी तो पुतळा फोडून टाकते. माय उंबऱ्यात उभी राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला वाईट वाटतंय. ती हिशेब मांडत होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि मायनं दार लावलंच नाही. तिनं बाबांचा हात धरला, मला दुसरा धरायला लावला, आणि आम्ही गल्ली ओलांडून फाटकाशी गेलो. हार काढून टाकलेला होता. तो तिनंच सकाळी काढला असणार. तिनं बाबांना पुतळ्यासमोर उभं केलं.

"पाहा," ती म्हणाली. "शेठनं नवा मानूस ठेवला. तुमची सुट्टी झाली. आता तुमाले याचं काम नाई."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. गणवेश पाहिला, पट्टा पाहिला. स्वतःच्या अंगावरच्या मळक्या बनियनला हात लावून पाहिला. त्यांना तो चेहरा ओळखू आला नाही. त्यांनी मायला विचारलं, "मले काऊन काढलं? माह्याकून काही चुकलं का?" माय म्हणाली, हो, चुकलं. ते मान हलवत राहिले. मला तिथल्या तिथं मायचा हात झटकून टाकावासा वाटला, पण दुसऱ्या हाताला बाबा होते.

औषधानं, डॉक्टरनं, कुलपानं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. पुढच्या संध्याकाळी भोंगा वाजला आणि बाबा खाटेवरून उठले नाहीत. भाऊ त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला. मायनं माझ्याकडे पाहिलं, जणू म्हणत होती की बघ, तुझ्या शिक्षणानं काय होत होतं. तिच्या गालावरचा वळ पिवळा पडला होता. तिच्यावर रागावायला माझ्याकडे जागाच उरली नव्हती.

काही दिवस घर शांत होतं. बाबा खाट दाराशी ओढून घेत आणि समोर बघत बसत. आम्हाला वाटलं, निभावलं.

मग एका संध्याकाळी मी आत शिरते तोच त्यांनी माझं मनगट पकडलं. समोर गाड्या आत जात होत्या. लोक उतरत, पुतळ्याच्या गळ्यात हात घालून फोटो काढत आणि पुढे जात.

"तो कोनाचीच झडती घेऊन नाई राह्यला," बाबा म्हणाले. हळू आवाजात, मला विश्वासात घेतल्यासारखं. "साऱ्याइले आत सोडून राह्यला. आतमंधी माही बहीन हाये."

मी म्हटलं, आत कोणी नाही, बाबा, ते हॉटेल आहे. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि मायला तेच सांगायला गेले.

तेव्हापासून रोजचं झालं. नोकरी गेली हे त्यांना पक्कं कळलंय, आजवर जे काही विसरले त्यात ते एक बसलं नाही. म्हणून ते फाटकावर जात नाहीत. हक्क नाही त्यांना. पण आत बहीण आहे आणि नवा माणूस कोणाला अडवत नाही, तेव्हा ते दाराशी उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनवतात की जरा त्याले सांगा, मले कोनी ऐकत नाई. कॉफीच्या दुकानातली मुलं त्यांना टाळून पलीकडून जातात.

मायनं आधी खोटं सांगून पाहिलं. बहीण घरी आली, आत झोपली आहे, म्हणाली. बाबांनी घर धुंडाळलं. खाटेखाली, मोरीत, कपाटाच्या मागे. ती सापडली नाही तेव्हा त्यांची जी अवस्था झाली ती पाहून भाऊसुद्धा बाहेर निघून गेला. मग मायनं खोटं सोडलं.

आता भोंगा वाजतो. बाबा विचारतात, माही बहीन निघाली का? माय हातातलं काम बाजूला ठेवते, त्यांच्यासमोर बसते आणि सांगते, "नाई निघाली. ते जळाली. तिले जाऊन लई वर्षं झाले."

बाबा हे रोज पहिल्यांदा ऐकतात. आधी त्यांचा विश्वास बसत नाही, मग बसतो. मग ते जमिनीवर बसून रडतात, तरुण माणूस रडतो तसे, छाती पिटत. माय त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहते आणि त्यांच्या डोक्यावरून समोर बघते.

मी तिला एकदा म्हटलं, हे असं रोज कसं करवतं तुला. ती म्हणाली, "रडले का थकते. थकले का झोपते. तुह्याजवळ दुसरं काही असंन तं सांग."

मी पोळ्या टाकते. समोर चहा सुरू झालेला असतो, आणि पुतळ्याच्या हातातल्या ताटात कोणीतरी गंमत म्हणून आपलं लायटर ठेवून गेलेलं असतं.